डॉरचं बंड फसलं का? ऱ्होड आयलंडमधल्या मताधिकाराच्या लढ्याबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिका १७७६ साली स्वतंत्र झाली, मग पुढची साठ-सत्तर वर्षं तिथल्याच एका राज्यात साध्या गोऱ्या पुरुषांनासुद्धा मत का नव्हतं? त्यासाठी १८४२ साली थॉमस डॉर नावाच्या वकिलाने बंड केलं, ऐन वेळी तोफा उडाल्या नाहीत आणि बंड फसलं, असं वाचायला मिळतं. ते खरंच फसलं का? आणि कायद्याच्या अभ्यासक्रमात ते अजून का शिकवतात?

मी वकिली करतो आणि घटनात्मक कायदा शिकवतो. तोफांचा किस्सा सांगितला की वर्गात हशा पिकतो आणि बऱ्याच जणांपुरता विषय तिथेच संपतो. मला ते मनापासून खटकतं. शस्त्रागारावरचा हल्ला हे या प्रकरणाचं शेपूट आहे. मुख्य घटना घडली त्याच्या पाच महिने आधी, डिसेंबर १८४१ मध्ये. मत नसलेल्या माणसांनी कुणाची परवानगी न घेता स्वतःचं मतदान भरवलं आणि राज्याची नवी घटना मंजूर करून टाकली. सरकारने पुढे जे काही दिलं ते या मतदानाच्या धसक्याने दिलं. पण त्याच लोकांनी आपल्या घटनेत एक शब्द हट्टाने ठेवला आणि त्याची किंमत पुरेपूर मोजली. या दोन गोष्टी मला जास्त महत्त्वाच्या वाटतात, म्हणून त्यांच्याबद्दल सविस्तर लिहितो.

ऱ्होड आयलंड हे अमेरिकेतलं सगळ्यांत छोटं राज्य. १६६३ साली इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने या वसाहतीला सनद दिली. त्या काळाच्या मानाने सनद फारच उदार होती. तिच्यात धर्मस्वातंत्र्य होतं, आणि गव्हर्नर लंडनहून न येता वसाहतीतच निवडला जायचा. त्यामुळे स्वातंत्र्यानंतर इतर राज्यांनी नव्या घटना लिहिल्या, तेव्हा ऱ्होड आयलंडने फक्त राजाचं नाव वगळलं आणि सनद तशीच चालू ठेवली. शेजारच्या कनेक्टिकटनेही आपली सनद चालवली होती, पण १८१८ मध्ये त्यांनी नवी घटना केली. ऱ्होड आयलंडमध्ये १८४० उजाडलं तरी कारभार राजाच्या सनदेवरच चालला होता.

मताधिकाराला जमिनीची अट राज्याच्या विधिमंडळाने वसाहतीच्या काळातच घातली होती. १७९८ पासून ती अशी: मतदाराच्या नावावर किमान १३४ डॉलर किमतीची किंवा वर्षाला ७ डॉलर भाडं येईल अशी स्थावर मालमत्ता हवी. अशा मालकाच्या थोरल्या मुलालाही मत मिळायचं, धाकट्यांना नाही. शेतीवर जगणाऱ्या समाजात ही अट फार जाचक नव्हती, कारण बहुतेक घरांकडे जमीन होतीच. पण १७९० साली पॉटकेटमध्ये सॅम्युएल स्लेटरने पाण्याच्या जोरावर सूत कातणारी यंत्रं चालू केली आणि पुढच्या पन्नास वर्षांत राज्याचा चेहराच बदलला. नदीकाठाने गिरण्या उभ्या राहिल्या. गिरणी कामगार, सुतार, लोहार, छापखान्यातले जुळारी, भाड्याच्या जागेत दुकान थाटलेले व्यापारी अशी सगळी माणसं शहरांत आली आणि त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या नावावर जमिनीचा तुकडा होता. १८४० च्या सुमारास निम्म्याहून जास्त प्रौढ गोऱ्या पुरुषांना मत नव्हतं. बँकेत पैसा असून चालत नव्हतं, जमीनच लागायची. निवडणुकीच्या तोंडावर एखाद्याच्या नावावर तात्पुरती जमीन करून द्यायची, त्याचं मत घ्यायचं आणि नंतर जमीन परत फिरवायची, असले प्रकार चालत, आणि नव्या घटनेची मागणी करणारे ते उघडपणे मांडत.

या अटीचा त्रास निवडणुकीच्या दिवसापुरता नव्हता. समजा, प्रॉव्हिडन्समधल्या एका सुताराची मजुरी गिऱ्हाइकाने बुडवली. सुताराच्या नावावर जमीन नसेल तर त्याला स्वतःच्या बळावर कोर्टात दावाही लावता यायचा नाही. दाव्याच्या कागदावर कुणातरी जमीनमालकाची सही घ्यावी लागायची. म्हणजे स्वतःच्या घामाचे पैसे वसूल करायलाही दुसऱ्याच्या दारात उभं राहणं आलं. ज्युरीत त्याला घेत नसत. पण मिलिशियाच्या, म्हणजे नागरी फौजेच्या, हजेरीला मात्र त्याला जावंच लागे. सेथ ल्यूथर नावाच्या सुतारानेच १८३३ साली यावर भाषणं दिली आणि पुस्तिका काढली: बंदूक खांद्यावर घ्यायला आम्ही लायक आणि मत द्यायला नालायक, हे कसं?

प्रतिनिधित्वाचं गणितही सनदेत गोठलेलं होतं. विधिमंडळात न्यूपोर्टला सहा जागा, प्रॉव्हिडन्स, पोर्ट्समथ आणि वॉरिकला प्रत्येकी चार, बाकी गावांना दोन-दोन. १६६३ साली हे ठीक होतं. १८४० च्या जनगणनेत प्रॉव्हिडन्सची वस्ती २३ हजारांच्या वर गेली होती आणि न्यूपोर्टची ८ हजारांच्या आसपास होती. पोर्ट्समथमध्ये दोन हजारही माणसं नव्हती, तरी त्याला प्रॉव्हिडन्सइतक्याच जागा.

खरी मेख पुढे आहे. सनदेत दुरुस्ती कशी करायची याचं कलमच नव्हतं. बदल करायचा तर विधिमंडळाने करायचा, विधिमंडळ निवडणार जमीनमालक, आणि जमीनमालकांना बदल नको. अर्ज-विनंत्या कित्येकदा झाल्या. १८२९ साली तर विधिमंडळाच्या समितीने, तिचे प्रमुख बेंजामिन हॅझर्ड, असले अर्ज विचारात घेण्याजोगेही नाहीत अशा सुरात अहवाल देऊन सगळे फेटाळले. बाहेर राहिलेल्या माणसाने सनदशीर मार्गाने जायचं ठरवलं तरी तो मार्ग त्याच्यासाठी कुठेच उघडत नव्हता. डॉरचं पुढचं सगळं वागणं या कोंडीतून आलेलं आहे. ती नजरेआड केली तर तो फक्त माथेफिरू दिसतो.

थॉमस विल्सन डॉर मात्र या वंचितांमधला नव्हता. जन्म १८०५ चा, घर प्रॉव्हिडन्समधलं, वडील सुलिव्हन डॉर चीनच्या व्यापारात श्रीमंत झालेले. हार्वर्डमधून पदवी, मग न्यूयॉर्कचे नामांकित कायदेपंडित जेम्स केंट यांच्या हाताखाली शिक्षण. १८३४ साली तो विधिमंडळात गेला आणि मताधिकार वाढवण्यासाठी एक छोटा पक्षही चालवून पाहिला. त्यातून काहीच निघालं नाही. १८४० साली ऱ्होड आयलंड सफ्रेज असोसिएशन स्थापन झाली तेव्हा चळवळीचा पाया बदलला. आता तिच्यात कारागीर आणि कामगार मोठ्या संख्येने होते. १८४१ च्या एप्रिलमध्ये प्रॉव्हिडन्सला, मे महिन्यात न्यूपोर्टला मोठ्या मिरवणुका आणि सभा झाल्या. तिथे एक नवा विचार जोर धरत गेला: विधिमंडळाकडे मागत बसायचंच कशाला? स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातच म्हटलं आहे की सरकार बदलण्याचा अधिकार लोकांचा. मग लोकांनी थेट घटना परिषद भरवावी.

ऑक्टोबर १८४१ मध्ये प्रॉव्हिडन्सला ती भरली. गावोगावच्या प्रौढ पुरुषांनी, जमीन असो वा नसो, प्रतिनिधी निवडून पाठवले. तिने तयार केलेल्या मसुद्याला लोकांची घटना म्हणू लागले. त्यानुसार राज्यात एक वर्ष राहिलेल्या, २१ वर्षांवरच्या प्रत्येक गोऱ्या पुरुष नागरिकाला मत होतं. जमिनीची अट गेली, प्रॉव्हिडन्सच्या जागा वाढल्या.

मग २७ डिसेंबरपासून मतदान. पहिले तीन दिवस लोकांनी स्वतः येऊन मत दिलं, पुढचे तीन दिवस आजारी आणि बाहेरगावी असलेल्यांच्या चिठ्ठ्या घेतल्या. मतदानाच्या चिठ्ठीचा मजकूर मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत बोलका कागद वाटतो. मतदार त्यात लिहून द्यायचा की मी अमेरिकन नागरिक आहे, २१ वर्षांचा आहे, या राज्यात माझं कायमचं घर आहे; मग राज्याच्या सध्याच्या कायद्यानुसार मी मतदार आहे किंवा नाही; आणि शेवटी, मी या घटनेच्या बाजूने किंवा विरुद्ध मत देतो. वर त्याचं नाव. मधलं वाक्य कुणी घातलं असेल त्याची कायदेशीर बुद्धी दाद देण्याजोगी आहे. त्या एका वाक्यामुळे प्रत्येक मत दोनदा मोजता येत होतं, एकदा सगळ्या जनतेचं म्हणून आणि एकदा सनदेच्या मतदारांचं म्हणून. निकाल आला: बाजूने १३,९४४, विरुद्ध ५२. बाजूच्या मतांपैकी सुमारे ४,९६० मतं सनदेनुसारही मतदार असलेल्यांची होती. म्हणजे प्रौढ पुरुषांचं बहुमत तर आमच्याकडे आहेच, तुमच्या जमीनमालकांचं बहुमतही आमच्याकडे आहे, असा चळवळीचा दावा होता. विरोधकांनी खोट्या मतांचा आरोप केला. त्यांनी मुळात या मतदानावर बहिष्कारच टाकला होता, म्हणून विरुद्ध ५२ हा आकडा फारसा काही सांगत नाही. बाजूचा आकडा मात्र त्यांनाही खोडून काढता आला नाही, आणि मार्च १८४२ मध्ये डॉरसह नऊ वकिलांनी सही करून मत प्रसिद्ध केलं की ही घटना कायदेशीरपणे अमलात आलेली आहे.

आता त्या शब्दाकडे येतो. घटनेत ‘गोरा’ हा शब्द होता. ऱ्होड आयलंडमध्ये १८२२ पर्यंत जमीन असलेल्या कृष्णवर्णीय पुरुषाला मत देता येत होतं, त्या वर्षी कायद्याने ते काढून घेतलं. मताधिकारासाठी लढणारी चळवळ ही चूक सुधारेल अशी आशा प्रॉव्हिडन्सच्या कृष्णवर्णीय समाजाला होती. अलेक्झांडर क्रमेल या तरुण धर्मोपदेशकासह त्यांच्या नेत्यांनी परिषदेपुढे निवेदन दिलं. डॉर स्वतः गुलामगिरीविरोधी विचारांचा होता. तो परिषदेत त्यांच्या बाजूने बोलला आणि हरला. सर्वांना मत दिलं तर घटनाच पडेल असा बहुतेकांचा हिशेब होता. मग गुलामगिरीविरोधी कार्यकर्ते लोकांच्या घटनेविरुद्ध प्रचाराला उतरले. अॅबी केली होत्या, आणि थोड्याच वर्षांपूर्वी गुलामीतून निसटलेला तरुण फ्रेडरिक डग्लसही होता. त्यांच्या सभांवर दगडफेक आणि दंगा झाला. सगळ्या माणसांचा जन्मसिद्ध हक्क म्हणून लढायचं आणि दारात पोचल्यावर मागच्यांसाठी दार लावून घ्यायचं, हे मला आजही वाचताना टोचतं. डॉरबद्दल मला आदर आहे, पण परिषदेत हरल्यावर तो त्या घटनेचा गव्हर्नर झाला हेही विसरून चालणार नाही.

सनदी सरकार, म्हणजे राजाच्या सनदेवर चालणारं जुनं सरकार, दरम्यान गप्प बसलं नव्हतं. त्यांनी आपलीही एक परिषद भरवली आणि जमीनमालकांची घटना म्हणून ओळखला गेलेला मसुदा आणला. त्यात अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्या पुरुषांना जमिनीशिवाय मत मिळत होतं. परदेशातून येऊन नागरिक झालेल्यांना मात्र जमिनीची अट कायम होती. रोख उघड होता: आयर्लंडहून आलेले कॅथलिक कामगार. मार्च १८४२ मध्ये मतदान झालं आणि ही घटना ८,०१३ विरुद्ध ८,६८९ मतांनी पडली. अवघ्या ६७६ मतांचा फरक. डॉरच्या लोकांनी ती पाडली, कारण ती स्वीकारणं म्हणजे हक्क विधिमंडळाच्या दयेवर असतो असं कबूल करणं. पण काही कट्टर जमीनमालकांनीही ती पाडली, कारण त्यांना एवढंही सैल सोडायचं नव्हतं. पुढचा सगळा रक्तदाब वाढला तो इथून.

एप्रिलच्या सुरुवातीला सरकारने कायदा केला: लोकांच्या घटनेखाली कुणी पद घेतलं तर तो राज्यद्रोह, शिक्षा जन्मठेप. अल्जीयर्सच्या जुलमी सुलतानांची आठवण काढून लोकांनी त्याला अल्जेरिन कायदा म्हणायला सुरुवात केली. त्याचा परिणाम लगेच दिसला. १८ एप्रिलला लोकांच्या घटनेखाली निवडणूक होऊन डॉर गव्हर्नर झाला, त्याला ६,३५९ मतं मिळाली. डिसेंबरच्या निम्म्याहूनही कमी. दोन दिवसांनी सनदेखालची निवडणूक झाली आणि सॅम्युएल वॉर्ड किंग पुन्हा गव्हर्नर झाले. एका राज्यात दोन गव्हर्नर आणि दोन विधिमंडळं.

३ मे रोजी डॉरचं सरकार वाजतगाजत, काही सशस्त्र तुकड्यांसह, प्रॉव्हिडन्समधून निघालं. राज्याच्या सभागृहाला कुलूप होतं. डॉरला ते ताब्यात घ्यायचं होतं. त्याच्या सदस्यांनी ऐकलं नाही. मग हे विधिमंडळ एका अर्धवट बांधलेल्या ओतशाळेत, म्हणजे फाउंड्रीत, बसलं, दोन दिवस काम केलं, अल्जेरिन कायदा रद्द केला आणि जुलैपर्यंत तहकूब होऊन घरी गेलं. नंतर डॉर म्हणत राहिला की त्या दिवशी सभागृहाचं दार उघडायला हवं होतं. माझंही तेच मत आहे. सरकार म्हणून मान्यता मिळवायची असेल तर कोर्ट, खजिना, दप्तर यांतलं काहीतरी हातात असावं लागतं. त्यांच्या हातात ठराव होते. दुसऱ्याच दिवसापासून अटका सुरू झाल्या आणि एकेक सदस्य राजीनामा देऊ लागला.

डॉर वॉशिंग्टनला गेला आणि राष्ट्राध्यक्ष जॉन टायलर यांना १० मे रोजी भेटला. टायलर यांनी दोन्ही बाजूंना समजुतीने घ्यायला सांगितलं, पण आधीपासून चालत आलेलं सरकार तेच खरं आणि गरज पडली तर केंद्राची फौज त्याच्या मदतीला येईल, हेही स्पष्ट केलं. परतीच्या वाटेवर न्यूयॉर्कमध्ये टॅमनी हॉल या तिथल्या राजकीय संघटनेच्या डेमोक्रॅट मंडळींनी डॉरचं जंगी स्वागत केलं, मदतीची आश्वासनं दिली. ती आश्वासनं खरी मानून तो १६ मे रोजी प्रॉव्हिडन्सला आला, तलवार उपसून भाषण केलं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या माणसांनी शहरातल्या एका तोफखान्याच्या तुकडीच्या दोन जुन्या तोफा ओढून आणल्या आणि मध्यरात्रीनंतर सुमारे अडीचशे जण शस्त्रागाराकडे निघाले. दाट धुकं होतं. वाटेतच माणसं गळू लागली. आत शस्त्रागाराच्या रक्षणाला उभे असलेल्यांत डॉरचे वडील होते, भाऊ होता, मामा होता; मेहुणा सॅम्युएल एम्सही सरकारच्या बाजूचा महत्त्वाचा अधिकारी. आतून शरण यायला नकार मिळाल्यावर डॉरने तोफ डागण्याचा हुकूम दिला. बत्ती लावली, दारू भपकन पेटली आणि विझली. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच. तोफा आधीच कुणीतरी बिघडवल्या होत्या, अशी चर्चा नंतर झाली. पहाटेपर्यंत डॉरभोवती मूठभर लोक उरले आणि त्याला शहर सोडावं लागलं. आपल्याच वडिलांवर तोफ रोखून हुकूम देणारा हा मनुष्य मला कधी पूर्णपणे कळला नाही. पण त्याच्या लेखी तो निवडून आलेला गव्हर्नर होता आणि समोरची इमारत राज्याची होती, एवढं खरं.

जूनमध्ये चेपाचेट गावाजवळच्या टेकडीवर त्याने पुन्हा विधिमंडळ बोलवायचा प्रयत्न केला. आले काही शेकडा लोक, समोरून तीनेक हजारांची फौज निघाली, राज्यात लष्करी कायदा लागू झाला. फौज पोचायच्या आधीच, २७ जूनला, डॉरने जमलेल्यांना घरी जायला सांगितलं. तरी धरपकड झाली. कैद्यांना दोराने बांधून प्रॉव्हिडन्सपर्यंत चालवत नेलं. पॉटकेटच्या पुलावर सरकारी तुकडीने गोळीबार केला त्यात अलेक्झांडर केल्बी नावाचा बघ्यांतला माणूस गेला. त्या उन्हाळ्यात प्रॉव्हिडन्समध्ये बंदोबस्ताला उभ्या असलेल्यांत कृष्णवर्णीय नागरिकांच्या तुकड्याही होत्या, सरकारच्या बाजूने. त्यांना दोष देण्याचा अधिकार लोकांच्या घटनेवाल्यांना उरला नव्हता.

पुरुष पळालेले किंवा तुरुंगात असताना चळवळ बायकांनी चालवली, हेही सांगायला हवं, कारण ते बहुधा वगळलं जातं. त्यांना कुठल्याच घटनेत मत नव्हतं. त्यांनी कैद्यांच्या घरांसाठी पैसे जमवले, अर्ज लिहिले, आणि राज्यात सभा घेणं धोक्याचं झाल्यावर सीमेपलीकडे मॅसॅच्युसेट्समध्ये समुद्रकाठच्या शिंपल्यांच्या मेजवान्या भरवून हजारो माणसं एकत्र आणली.

मग ते फसलं का? नोव्हेंबर १८४२ मध्ये, म्हणजे चेपाचेटनंतर पाच महिन्यांत, विजयी सरकारने स्वतःच नवी घटना मतदानाला टाकली. ७,०२४ विरुद्ध ५१ मतांनी ती मंजूर झाली आणि मे १८४३ पासून लागू झाली. १७९ वर्षांची सनद गेली. अमेरिकेत जन्मलेल्या पुरुषाला जमीन नसली तरी १ डॉलर नोंदणी कर भरून किंवा मिलिशियाची हजेरी देऊन मत देता येऊ लागलं. ‘गोरा’ हा शब्द ठेवावा का, हा प्रश्न वेगळा विचारला गेला आणि ४,०३१ विरुद्ध १,७९८ मतांनी तो काढला गेला. यादवी युद्धाच्या आधी कृष्णवर्णीयांचा काढून घेतलेला मताधिकार परत देणारं हे एकमेव राज्य. डॉरच्या परिषदेने जे द्यायला नकार दिला ते त्याच्या शत्रूंनी दिलं, कृतज्ञतेपोटी आणि हिशेबापोटी.

पण त्याच घटनेने दुसरा दरवाजा घट्ट लावला. बाहेरून येऊन नागरिक झालेल्याला पुन्हा तीच १३४ डॉलरची जमीन. आयरिश गिरणी कामगार अमेरिकेसाठी यादवी युद्धात लढून आला, तरी ऱ्होड आयलंडमध्ये त्याला मत नव्हतं. ही अट १८८८ च्या घटनादुरुस्तीपर्यंत टिकली. शहराच्या कौन्सिलसाठी आणि कराच्या प्रश्नांवर मत द्यायला मालमत्तेची अट तर १९२८ पर्यंत होती. नव्या घटनेत प्रत्येक गावाला, लहान असो की मोठं, एकच सेनेटर. आणि ७२ जणांच्या सभागृहात कुठल्याही शहराला एक षष्ठांशापेक्षा जास्त जागा नाहीत. प्रॉव्हिडन्स वाढतच गेलं, त्याची पत मात्र तेवढीच राहिली. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो की निकाल एका शब्दात मागू नका. जमिनीची अट मोडली ती डॉरने मोडली. सत्ता कुणाच्या हातात राहील हे ठरवण्याची किल्ली जुन्या मालकांनी सोडली नाही.

डॉर ऑक्टोबर १८४३ मध्ये स्वतःहून परत आला आणि पकडला गेला. अल्जेरिन कायद्याने खटला कोणत्याही जिल्ह्यात चालवायची सोय होती, म्हणून तो विरोधकांच्या बालेकिल्ल्यात, न्यूपोर्टला चालला. मुख्य न्यायाधीश जॉब डर्फी यांनी त्याचा मुख्य बचाव, म्हणजे मी बहुमताने मंजूर घटनेखालचा गव्हर्नर होतो, ज्युरीपुढे मांडूच दिला नाही. जून १८४४ मध्ये राज्यद्रोहासाठी जन्मभर सक्तमजुरी आणि एकांतवास. लोकांचा संताप इतका होता की पुढच्या निवडणुकीत त्याच्या सुटकेची बाजू घेणारा गव्हर्नर निवडून आला आणि १८४५ च्या जूनमध्ये डॉर सुटला, प्रकृती पार ढासळलेली. १८५४ मध्ये विधिमंडळाने त्याची शिक्षाच रद्दबातल ठरवली; त्यावर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कोर्टाचा निकाल फिरवायचा अधिकार विधिमंडळाला नाही. त्याच वर्षी २७ डिसेंबरला तो वारला.

आता शेवटचा प्रश्न, कायद्याच्या वर्गात हे का शिकवतात. वॉरन गावात मार्टिन ल्यूथर नावाचा चांभार होता. लोकांच्या घटनेखालच्या निवडणुकीत त्याने गावसभेचं काम पाहिलं होतं. लष्करी कायदा असताना ल्यूथर बॉर्डन आणि इतर सरकारी शिपाई त्याच्या घरात घुसले, तेव्हा घरी त्याची म्हातारी आई होती. मार्टिनने बेकायदा घरात घुसल्याबद्दल दावा लावला. वरवर घरात घुसल्याचा दावा, पण युक्तिवाद असा: १८४२ मध्ये सनदी सरकार संपलेलंच होतं, खरं सरकार डॉरचं होतं, म्हणून बॉर्डनला मिळालेला हुकूमच बेकायदा. एवढ्याशा खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला सांगायला लावायचं की लोक म्हणजे कोण आणि ते सरकार कसं बदलू शकतात. बॉर्डनच्या बाजूने डॅनिएल वेबस्टर उभे राहिले.

जानेवारी १८४९ मध्ये मुख्य न्यायाधीश रॉजर टॉनी यांनी निकाल दिला. प्रत्येक राज्याला प्रजासत्ताक पद्धतीचं सरकार मिळेल अशी हमी अमेरिकेची राज्यघटना देते. पण राज्यातलं खरं सरकार कोणतं हा राजकीय प्रश्न आहे, तो संसद आणि राष्ट्राध्यक्षांनी ठरवायचा, कोर्टाने नाही. कोर्ट हे ठरवायला बसलं तर १८४१ चे मतदार कोण होते, कुणाचं मत खरं, हे साक्षीपुराव्याने कसं मोजणार, हा त्यांचा व्यवहारी मुद्दा होता. न्यायमूर्ती लेव्ही वुडबरी यांनी फक्त लष्करी कायद्याच्या प्रश्नावर वेगळं मत लिहिलं. नऊ वकिलांनी सही करून मांडलेला दावा कधी तपासलाच गेला नाही.

राजकीय प्रश्नाचा हा सिद्धांत तिथून सुरू होतो. मतदारसंघांच्या विषमतेची तक्रार, म्हणजे प्रॉव्हिडन्सचीच जुनी तक्रार, पुढे शंभर वर्षं कोर्टाच्या उंबऱ्यावर अडत राहिली. १९६२ मध्ये बेकर विरुद्ध कार खटल्यात न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांनी वाट काढली. ल्यूथर विरुद्ध बॉर्डनला हात न लावता त्यांनी म्हटलं की प्रजासत्ताक हमीच्या कलमावर कोर्ट बोलणार नाही, पण चौदाव्या दुरुस्तीतल्या समान संरक्षणाच्या कलमाखाली ही तक्रार ऐकता येईल. त्यानंतर राज्याराज्यांतले मतदारसंघ लोकसंख्येनुसार नव्याने आखावे लागले. पक्षाच्या फायद्यासाठी मतदारसंघांच्या सीमा वाकवण्याची तक्रार मात्र २०१९ मध्ये रूचो विरुद्ध कॉमन कॉझ खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी पुन्हा राजकीय प्रश्न ठरली, आणि केंद्रीय कोर्टांचं दार तिच्यासाठी बंद झालं. आज ही भांडणं राज्यांच्या कोर्टांत आणि सार्वमतांत लढली जातात.